दातखीळ स्टाइल

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या बैलावर रॅप करून द्या, म्हणून एक गृहस्थ माझ्या दुकानात आले होते. बैलाचं नाव तुफान. त्यांनी मोबाइलमध्ये बैलाचे फोटो दाखवले, तो कुठल्या कुठल्या पटात जिंकला ते सांगितलं आणि अट घातली, की गाण्यात समोरच्या बैलाची इज्जत निघालीच पाहिजे. आमच्या रोशनने बसल्या जागी गाणं लिहिलं, मंगेशने ते म्हटलं, गृहस्थ खूश होऊन गेले. पुढच्याच आठवड्यात समोरच्या बैलाचे मालक हजर. त्यांनाही गाणं पाहिजे होतं, आणि तेही ‘त्याच पोट्ट्याच्या आवाजात’. आम्ही तेही करून दिलं. पटाच्या दिवशी मंगेश एका भोंग्यातून तुफानची स्तुती करत होता आणि दुसऱ्या भोंग्यातून त्याची चामडी सोलत होता. दोन्हीकडची माणसं सारख्याच आनंदाने नाचत होती.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

मी मूळचा आर्गनवाला. दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. अशा नाटक मंडळ्यांत मी बरीच वर्षं आर्गन वाजवला. पाठीने जवाब दिला तेव्हा साकोलीत दुकान टाकलं. पुढे लग्नाच्या व्हिडिओचं काम, मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. उन्हाळ्यात आत माणूस उकडून निघतो. बोर्डावर मात्र ‘स्टुडिओ’ असंच लिहिलं आहे.

मंगेश आणि रोशन पहिल्यांदा आले ते कॉलेजच्या गॅदरिंगचं गाणं रेकॉर्ड करायला. मंगेश दिघोरीचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला, गप्प बसणं माहीत नसलेला. रोशन आंबागडचा, किल्ल्याखालच्या गावचा. बोलायला कंजूष, लिहायला दानशूर. माझ्या वयाच्या माणसाने अशा पोरांच्या नादी लागू नये, असं माझी बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण मंगेशचा आवाज ऐकल्यावर माझा इलाज चालला नाही. रोशनने लिहायचं, मंगेशने बोलायचं, मी ताल बांधायचा असं ठरलं. ग्रुपचं नाव ठेवलं ‘रोवणा’. आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात.

रॅप म्हणजे काय, असं गावातल्या बुजुर्गांनी विचारलं की मी सांगायचो, खडी गंमतमध्ये शाहीर एकमेकांवर चढून बोलतात ना, तसंच. ढोलकीच्या जागी कॉम्प्युटर. हे त्यांना लगेच पटायचं. पण या कामातली खरी मेख वेगळी आहे. गाणाऱ्याला सूर सांभाळून घेतो, नटाला कपडे आणि रंग सांभाळून घेतात. रॅपवाल्याकडे तोंडाशिवाय काही नसतं. जीभ, ओठ, गाल, जबडा, एवढीच त्याची हत्यारं. त्यातलं एक बोथट झालं तर माइक लगेच चुगली करतो.

आमचं पहिलं गाणं ‘गारा’. गारा म्हणजे चिखल, बांधी म्हणजे धानाचं शेत, पऱ्हा म्हणजे धानाचं रोप.

बांधीत पाय, पायाले गारा,
गाऱ्यात पऱ्हा, पऱ्ह्याले वारा

वाचणाऱ्याने या ओळी एकदा मोठ्याने म्हणून बघाव्यात. दर पावलाला तोंड उघडावं लागतं. मंगेश त्या आधी सावकाश म्हणायचा, मग दुपटीत, मग चौपटीत, आणि एक अक्षर सांडत नसे. नाटकात मी भलेभले नट ऐकलेत. पण हा पोरगा मधे श्वास कुठे घेतो, ते मला कितीतरी दिवस सापडलं नव्हतं.

आता खर्ऱ्याविषयी सांगायला हवं. बाहेरच्या वाचकांना तो ठाऊक नसेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळायचा, आणि ती पन्नी एखाद्या फळीवर घोट घोट घोटायची. बंदी आहे म्हणतात. पण आमच्या भागात दोन माणसं भेटली की आधी खर्रा निघतो, मग बोलणं निघतं. भांडण मिटलं की खर्रा, सोयरीक जुळली की खर्रा. दुसऱ्याने पुढे केलेला खर्रा नाकारला तर माणूस तोंड फिरवतो. मंगेश शाळेपासून खायचा. मीही खायचो, रोशनही. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी मंगेश कोपऱ्यात बसून खर्रा घोटत होता. त्या पन्नीचा खस्स-खस्स आवाज माझ्या कानात भरला. मी माइक खाली घेऊन तो टिपला आणि त्याच्यावरच ताल बांधला. गाण्याचं नाव ‘घोट’. माझ्या सगळ्या कामात तो ताल मला सर्वांत आवडतो, अजूनही. ते गाणं साथीसारखं पसरलं. पानठेल्यांवर वाजायचं, वरातीत वाजायचं, बसमधल्या पोरांच्या मोबाइलमध्ये वाजायचं. मग मंडईच्या कमिट्या आम्हाला बोलवायला लागल्या. नाटकाच्या आधी, दुपारच्या बाजारात, बैलबंडीएवढ्या स्टेजवर आम्ही उभे राहायचो आणि पोरं धूळ उडवत नाचायची. मंगेशचं लग्न त्याच वर्षी झालं. बायको वनिता, शांत आणि समजूतदार. तिने लग्नाच्या आधी त्याला फक्त गाण्यात ऐकलं होतं.

गाण्यांच्या पुढच्या खेपेला मंगेशचा आवाज मला बारीक वाटायला लागला. त्याचा ‘आ’ पूर्वीसारखा गोल येईना. मला वाटलं माइक गेला. माइक बदलला. मग वाटलं, तो दूर उभा राहतो. त्याला पुढे सरकवलं. तरी आवाज दातांमागून आल्यासारखाच येत होता, दाबून, चावून, थोडा फुसफुसत.

‘‘मंगेश, तोंड उघडून बोल ना.’’

‘‘हे नवी स्टाइल हाय दादा,’’ तो म्हणाला. ‘‘आयका तं खरं. गुस्सा कसा येते त्याच्यातून.’’

आणि येत होता, हे मला कबूल करावंच लागेल. दात आवळून बोलणारा माणूस चिडल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्यांना ते भलतंच आवडलं. असा आवाज नागपूरकडे कोणाचाच नव्हता. रोशन हुशार, त्याच्या लक्षात आलं की मंगेशला ‘इ’ आणि ‘उ’ चांगले जमतात, ‘आ’ अडखळतो. तो त्या बेताने लिहायला लागला. त्याने एक अख्खं गाणं असं लिहिलं, की त्यात ‘आ’ शोधून सापडत नव्हता. कारागिरी म्हणून ते काम अफाट होतं. गाण्याचं नाव आम्ही तिघांनी मिळून ठेवलं, ‘दातखीळ’.

नाव ठेवतानासुद्धा आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ते ‘घोट’पेक्षा मोठं गाणं झालं. दहावी-बारावीची पोरं दात आवळून बोलायला लागली. ‘दातखीळ स्टाइल’ म्हणून त्यांचे व्हिडिओ फिरायला लागले. एका लग्नात नवरदेवाने उखाणा दात न उघडता घेतला आणि मांडव हसून लोळला.

उलगडा झाला तो साकोलीच्या बाजारात, गुपचूपच्या ठेल्यावर. पुण्या-मुंबईकडे पाणीपुरी म्हणतात, आमच्याकडे गुपचूप. रोशनने एक तोंडात टाकली, मी टाकली. मंगेशने द्रोणातली पुरी उचलली, ओठांपाशी नेली आणि ती आत जाईना. त्याने मान तिरपी केली, बोटाने रेटली. पुरी फुटली, पाणी सगळं शर्टावर. आम्ही खदखदून हसलो. ठेलेवालाही हसला.

‘‘काहून बे, तोंड भाड्यानं देलं का?’’ रोशन म्हणाला.

मंगेश हसला नाही. त्याने दुसरी पुरी हातातच फोडली, तिचे तुकडे केले आणि एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवला. त्या सरकवण्यात सवय होती. आमच्या लक्षात आलं की हा माणूस कितीतरी दिवसांपासून असाच जेवतो आहे. रोशनचा चेहरा उतरला. ‘‘कवापासून हाय हे?’’ त्याने विचारलं.

‘‘तिखट लागते गालाले,’’ एवढंच मंगेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. माझी गेली. मंगेशचं एक गेलं, दुसरं नखापाशी अडलं. गालाच्या आतली कातडी खर्ऱ्याने दोरीसारखी ताठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, गेलेलं सगळं परत येणार नाही, पण खर्रा आज बंद केला आणि रोज व्यायाम केला तर थोडं उघडेल, आणि मुख्य म्हणजे पुढचं टळेल. पुढचं म्हणजे काय, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत धरायच्या आणि रोज एखादी वाढवत न्यायची.

मी त्या दिवशी खर्रा सोडला. रोशननेही. मंगेशनेही सोडला, आणि काड्या दातांत धरून तो माझ्या दुकानात बसायला लागला. त्याला त्रास व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. वनिताला तेव्हा दिवस गेले होते. तीही कधीकधी सोबत यायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची. हळूहळू फरक पडला. मी त्याला ‘गारा’च्या ओळी म्हणायला लावल्या. दुपट जमली नाही, पण ‘आ’ ओळखू येत होता. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या हॉटेलातून तिघांसाठी चहा मागवला आणि साखर जास्त टाकायला सांगितली.

मग दिवाळी आली, मंडईचा हंगाम आला.

पहिल्याच मंडईत मंगेशने ‘दातखीळ’ म्हटलं आणि लोक खवळले. समोरून एक जण ओरडला, ‘‘हा थो नाई बे! दुसराच पोट्टा आणला!’’ तोंड जरा उघडायला लागल्यामुळे आवाज मोकळा झाला होता. लोकांना हवा असलेला चावलेला आवाज येत नव्हता. शिट्ट्या झाल्या. कमिटीचे अध्यक्ष स्टेजमागे येऊन म्हणाले, ‘‘तुमी आमाले फसवून राहिले का? असल माणूस कोठी हाय?’’ असल माणूस त्यांच्यासमोर घाम पुसत उभा होता.

दोन-तीन दिवसांनी कळलं, त्याने काड्या सोडल्या. मी दिघोरीला गेलो, त्याच्या अंगणात उभा राहून त्याला शिव्या घातल्या. मी शिव्या घालणारा माणूस आहे. पण त्या दिवशी शब्द मला पुरले नाहीत.

‘‘दादा, तोंड उघडलं तं आवाज जाते,’’ तो म्हणाला. ‘‘आन आवाज गेला तं मी कोन? धानाच्या बांधीत असे शंभर मंगेश हायेत.’’

‘‘आणि जीव गेला तर?’’

‘‘एवढा एक हंगाम. मंडई संपली का मंग काड्या बी धरतो, दवाखाना बी करतो. तुमची शपथ.’’

आत वनिता भिंतीला टेकून बसली होती, पोट पुढे. ती म्हणाली, ‘‘भाऊजी, मी सांगून सांगून थकली. तुमीच बंद करा ना गानं.’’ मी रोशनला फोन केला. आम्ही दोघांनी ठरवलं, यंदा कार्यक्रम करायचे नाहीत. मंगेशने ते ऐकलं आणि दुसऱ्या एका डीजेवाल्याला घेऊन तो एकटा निघाला. ‘रोवणा’ हे नाव त्याच्या बॅनरवर तसंच होतं. आमच्यावाचून त्याचं अडलं नाही. आमचे ताल पेनड्राइव्हमध्ये होते, शब्द त्याच्या तोंडात होते.

त्या हंगामातला एक व्हिडिओ माझ्याजवळ आहे. कुठल्याशा मंडईत त्याचा सत्कार होतो आहे. सरपंच त्याच्या गळ्यात हार घालतात, आणि हार फुलांचा नाही, खर्ऱ्याच्या पुड्यांचा आहे. पोरांनी मोठ्या प्रेमाने, दोऱ्यात ओवून केलेला. टाळ्या पडतात. मंगेश एक पुडी तोडतो, उघडतो आणि सगळ्यांसमोर दातांच्या फटीतून आत सोडतो. त्या पोरांचा मला राग येत नाही. आमच्याकडे माणसाचा मान असाच करतात. पण तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला.

मंडई संपली तेव्हा त्याच्या गालात पांढरा चट्टा होता आणि चट्ट्याच्या मधोमध न भरणारी जखम. नागपूरच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला घेतला आणि घरच्यांना आत बोलावलं. मंगेशच्या वडिलांनी मला सोबत नेलं होतं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कागदावर जबड्याचं चित्र काढून किती भाग काढावा लागेल ते दाखवलं. जबड्याचा एक तुकडा, गाल आणि जिभेची एक कड. मंगेशने चित्र बघून पेन मागितलं. तेव्हा त्याला बोलताना फार दुखायचं. त्याने जिभेच्या चित्राभोवती गोल केला आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवू.’’ मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. मंगेशच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरं तर तो मी त्यांच्या खांद्यावर ठेवायला हवा होता.

मुलगी जन्मली तेव्हा मंगेशच्या नाकात नळी होती. तिचं नाव जुई.

तो वाचला. तपासण्या चालू आहेत, अजून तरी पुन्हा काही निघालेलं नाही. चेहरा एका बाजूने बसला आहे. बोलतो ते जवळच्यांना कळतं. नवख्याला दर वाक्य दोनदा विचारावं लागतं. ‘रोवणा’ संपलं. रोशन नागपूरला पार्सल पोचवायचं काम करतो आणि लिहीत नाही. मी विचारलं तर म्हणतो, ‘‘कोनासाठी लिहू?’’ मी दुकान चालवतो. रॅप करायला अजूनही पोरं येतात, त्यातली काही दातखीळ स्टाइल मागतात. माझ्याकडे आता नियम आहे, माइकसमोर उभं राहण्याआधी तीन बोटं तोंडात घालून दाखवायची. एक पोरगा चिडून म्हणाला, ‘‘गानं करायले आलो का दात दाखवायले?’’ तो दुसरीकडे गेला. त्याची दोन बोटं कशीबशी गेली होती.

वनिता दुसऱ्यांच्या बांधीत कामाला जाते. त्यामुळे जुई दिवसभर बापाजवळ असायची. मंगेश तिला आंघोळ घालायचा, भात भरवायचा, गोष्टी सांगायचा. ती अडीच-तीन वर्षांची झाली तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी वनिताला बोलावून घेतलं. मुलगी बोलते ते कळत नाही; जीभ चिकटलेली असेल, तपासून घ्या, म्हणाल्या. मी गाडी काढली. डॉक्टरांनी तिला ‘आ’ करायला सांगितलं. तिने एवढं मोठं तोंड उघडलं. जीभ मोकळी, टाळू चांगला, कान चांगले, सगळं जिथल्या तिथे. मग डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. तिने दात एकमेकांवर ठेवून, ओठ एका बाजूला ओढून, फुसफुसत नाव सांगितलं. डॉक्टरांनी मागे उभ्या मंगेशकडे पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

पोर ज्याच्याजवळ असते त्याच्याकडून बोलायला शिकते. डॉक्टर म्हणाले, हिच्याशी दुसऱ्या माणसांनी भरपूर बोलावं, ही सुधारेल.

त्या दिवसापासून मंगेश घरात बोलत नाही. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्याची आई आता कामाला जाणं सोडून दिवसा जुईजवळ बसते, बोलत राहते. हा तिला खेळवतो, भरवतो, खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर फिरवतो, सगळं मुक्याने. बोलावंसं वाटलं की बस पकडून साकोलीला माझ्या दुकानात येतो. मागच्या खोलीत आम्ही दार लावून बसतो आणि तो तास-तासभर बोलतो. पिकाचं, बैलांचं, कोणाच्या लग्नाचं, कशाचंही. मी माइक कधी लावत नाही. एकदा मी म्हटलं, अरे थोडं तरी बोलत जा पोरीशी, आता ती मोठी होते आहे. त्याने नकारार्थी मान हलवली.

गेल्या महिन्यात आला तेव्हा बसण्याआधीच त्याला सांगायची घाई झाली होती. घरी कोणीतरी मोबाइलवर ‘गारा’ लावलं होतं. जुई नाचली. वनिता तिला म्हणाली, ‘‘हे कोन म्हनून राहिलं, माहीत हाय का? तुया बाबा हाय थो.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘हासली ना दादा. माह्याकडे पाहून हासली. म्हने, ‘बाबाले कोठी बोलता येते!’’’

मंगेश पुढे झुकला. मला कळलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा, एकेक शब्द सावकाश जुळवत सांगितलं. ‘‘पन साफ बोलली दादा. एक एक अक्षर साफ.’’